फिट न येणाऱ्या माणसाला फिटची गोळी

"हाच. हाच काढा," किसनराव म्हणाले. वरच्या जबड्यातल्या एका दाढेकडे त्यांनी बोट दाखवलं आणि परत तोंड मिटून घेतलं.

माझ्या हातात त्या दाढेचा एक्स-रे होता. दाढ इतकी सुरेख होती की कॉलेजात पोरांना दाखवायला न्यावी. कीड नाही, मुळाशी पू नाही, हिरडी घट्ट. आरशाच्या दांड्यानं तिच्यावर टकटक केली. काही नाही. थंड लावून पाहिलं. तरी काही नाही.

"आत्ता दुखतंय का?"

"आत्ता न्हाई."

"मग कधी दुखतं?"

"दुखलं की कळंल तुमाला."

मी वसमतला दातांचा दवाखाना चालवतो. डॉक्टरकीतला सगळ्यात सोपा भाग मी निवडला, असं आमच्या घरच्यांचं ठाम मत आहे. अवयव बत्तीस, आणि बिघडला की उपटायचा. यात गोंधळण्यासारखं काय आहे, असं आमची ही पाहुण्यांसमोर विचारते. तर त्या दिवशी मी पुरता गोंधळलेला होतो.

किसनराव जवळच्या हट्टा गावचे. मोंढ्यात हळदीचं बीट पुकारणं हा त्यांचा धंदा. बीट म्हणजे लिलाव, आणि मोंढा म्हणजे बाजार समितीचं आवार. हळदीच्या ढिगापाशी उभं राहायचं, भोवती खरेदीदारांचा घोळका, आणि एकेक भाव खड्या आवाजात पुकारत मालाला चढवत न्यायचं. सीझनला त्यांचा आवाज माझ्या दवाखान्यापर्यंत यायचा. पण खुर्चीवर बसलेला माणूस अर्ध्या ओठानं बोलत होता. आणखी एक विचित्र गोष्ट होती. डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर महिनाभराची पांढरी दाढी.

"ही अर्धी दाढी काहून ठेवली?" मी विचारलं. मी मूळचा पुण्याकडचा. पण इतक्या वर्षांत काहूनची सवय लागलीय.

उत्तर त्यांच्या बायकोनं, कांताबाईंनी दिलं. "वस्तरा लागला की कळ उठती हो. पण मोंढ्यात समदे म्हणून राहिले, किसनरावनं नवस बोलला. कुणी म्हनतं पोराच्या नोकरीसाठी, कुणी म्हनतं बोअरला पाणी लागावं म्हनून. एक जण तर नारळ घिऊन घरी आला."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

किसनरावांनी ओठाचा कोपरा हलवला. "नवस म्हनलं की मान देतेत डॉक्टर. तोंड दुखतं म्हनलं की दुसरा पुकारनारा बघतेत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्न एका दाढेचा नाही. हळदीचा सीझन तोंडावर होता आणि या माणसाचं तोंडच उघडत नव्हतं.

दाढ नीट पाहावी म्हणून मी ती कोरडी करायला हवेची पिचकारी मारली. हवा जरा चुकली. दाढेवर न जाता ओठावर, नाकाच्या बाजूला गेली. किसनराव खुर्चीतून असे उसळले की ट्रे एकीकडे, आरसा एकीकडे आणि माझा चष्मा थुंकायच्या भांड्यात. दोन्ही हात चेहऱ्याजवळ नेऊनही चेहऱ्याला न लावता ते तसेच थिजून बसले. क्षणभर. मग सगळं ओसरलं.

"करंट," ते म्हणाले. "मोटारीच्या पेटीत हात घातल्यावानी."

याआधी दोन दाढा काढून झाल्या होत्या. वेगवेगळ्या गावांत, त्यांच्याच हट्टापायी. दर वेळी दोन दिवस बरं वाटलं आणि कळ शेजारच्या दाढेत राहायला आली. मी तपासणी म्हणून हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांनी किसनराव हसले, गालावर स्वतः हात फिरवला, आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "बगा! दाढच व्हती. काढा आता."

मी चिमटा हातात घेतला. खरं सांगतो, घेतला. मग वाटलं, अरे, भूल दिली की हातातला काटाही दुखत नाही. म्हणून हात दोषी ठरतो का? चिमटा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन नांदेडला फोन लावला.

सुधाकर माझा शाळेपासूनचा मित्र. तो मेंदू आणि नसांचा डॉक्टर झाला, मी दातांचा, यावरून तो अजूनही मला ऐकवतो. मी म्हणालो, "एक पेशंट आहे, दाढ चांगली आहे आणि तरी..."

"अर्ध्या तोंडानं बोलतो?"

"हो."

"एका बाजूची दाढी केलेली नाही?"

मी दाराच्या फटीतून आत पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"दात काढू नकोस म्हणजे झालं. त्याची चेहऱ्याची नस बिघडलीय. कार्बामाझेपिन सुरू कर, कमी डोसवर. रक्त तपासून घे, अंगावर पुरळ आलं तर लगेच बंद करायला सांग. आणि एमआरआयला माझ्याकडे पाठव."

"पण ती तर फिटची गोळी आहे."

"आहेच. तुला शिकवली होती ती परीक्षेपुरती का?"

होय, परीक्षेपुरतीच. मी आत आलो आणि चेहऱ्यावर शक्य तेवढा आत्मविश्वास आणून सांगितलं, "दाढ काढायची नाही. गोळी घ्यायची."

"दाढ दुखती अन् गोळी कशाची?"

आता समजावणं आलं. ते बरोबर होतं का, हे त्या रात्री पुस्तक उघडून मला स्वतःलाही ताडून पाहावं लागलं. पण जे सांगितलं ते असं. आपल्या नसांच्या अंगाला फार बारीक दारं असतात. मिठात असतं ते सोडियम या दारांतून आत शिरतं. सोडियमवर विजेचा भार असतो, त्यामुळे ते आत घुसलं की बारीकसा करंट वाहतो. एक दार उघडलं की शेजारचं उघडतं, त्याच्या शेजारचं, आणि निरोप पळत मेंदूकडे जातो. डॉक्टर लोक या दारांना चॅनल म्हणतात.

"मोंढ्याच्या फाटकावानी," किसनराव म्हणाले.

"अगदी तसं. गाडी आत आली की फाटक आपोआप लागतं, आणि घटकाभर तसंच कुलूपबंद राहतं. मग पुन्हा उघडायला तयार. तुमच्या चेहऱ्याच्या नसेत काय झालंय, कारण नसताना गाड्यामागून गाड्या घुसतायत. वाऱ्याची झुळूक लागली तरी फाटक धाडधाड उघडतंय. त्यालाच तुम्ही करंट म्हणता. ही गोळी म्हणजे एक वॉचमन. फाटक लागलं की तो त्याला पाठ टेकून उभा राहतो आणि लवकर हलत नाही. सावकाश येणाऱ्या गाडीला फरक पडत नाही, तोवर तो बाजूला झालेला असतो. पण एकामागून एक सुसाट येणाऱ्या गाड्या अडतात."

"मग जेवायची चव, बोलनं-चालनं, ते बंद न्हाई पडनार?"

"नाही. त्या गाड्या सावकाशीच्या."

हे मी फार ठासून सांगितलं. पुढे त्याचे परिणाम भोगले.

चार दिवसांनी मी एका मुलीला तारा बसवत होतो तर बाहेरून आवाज आला, "डॉक्टर हायेत का?" आवाज असा की मुलगी दचकली. किसनराव दारात उभे. दोन्ही गाल गुळगुळीत. "भाकर खाल्ली! ठेचा लावून!" त्यांनी मला मिठी मारली. त्या दिवशी घरी जाऊन मी हिला सोडियमपासून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सुधाकरभाऊंनी बरं केलं त्यांना." आमच्या घरात श्रेय असं योग्य ठिकाणी पोचतं.

एमआरआय झाला. मेंदूजवळ एक रक्तवाहिनी त्या नसेला चिकटून ठोके देत होती. घासून घासून नसेवरचं आवरण झिजलं होतं, म्हणून उघड्या वायरसारखे करंट. सुधाकर म्हणाला, गोळीनं भागलं तर उत्तम, नाही तर ऑपरेशन आहे. सगळं ठीक चाललं होतं.

मग एके सकाळी रामविलासशेट आले. मोंढ्यातले मोठे आडते, शेतकऱ्यांचा माल विकून देणारे. किसनराव त्यांच्याच दुकानापुढे पुकारायचे. शेट खुर्चीवर बसले नाहीत. ती दात काढायची खुर्ची आहे हे त्यांना माहीत होतं.

"डॉक्टरसाब, आपल्या किसनला मिरगी हाय म्हनं?"

"कोण म्हणालं?"

"औषधाच्या दुकानात गोळ्या मागितल्या त्यानं. तिथलंच पोरगं चार लोकांत बोललं की ही फिटची गोळी हाय. झूट हाय का?"

"गोळी फिटची आहे. पण त्यांना फिट येत नाही."

शेटनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी हळदीचं पोतं दाखवून त्यात साखर आहे म्हणतोय. "फिट येत न्हाई तर फिटची गोळी काहून?"

मी फाटक, वॉचमन, गाड्या सगळं पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणालो, "शेटजी, मेंदूत तेच दार, चेहऱ्याच्या नसेतही तेच दार. मेंदूतल्या पेशी बेफाम सुटल्या की फिट येते. ही नस बेफाम सुटली की कळ येते. म्हणून गोळी एकच. आणि समजा फिट असती, तरी गोळ्या घेऊन हजारो लोक कामं करतात. त्यात लाज कसली?"

"लाज न्हाई हो. पन तो कट्ट्यांच्या थप्पीवर चढून पुकारतो. वरून पडला तर? मी काय जवाब देऊ त्याच्या लेकरांना?"

हे मात्र बरोबर होतं. मी म्हणालो, "पोत्यांच्या थप्पीवर चढू देऊ नका. खाली उभं राहून पुकारू द्या."

"या सीझनला बघतो. काही झालं तर दुसरा पुकारनारा लावीन. मग तुमचं फाटक तुमच्यापाशी."

शेट गेले आणि किसनरावांची सगळी भिस्त माझ्या एका वाक्यावर उरली: यांना फिट येत नाही. वाक्य खरं होतं. खरं वाक्यही किती पोकळ वाटू शकतं हे तेव्हा कळलं.

हळदीची आवक वाढली. मोंढ्याबाहेर ट्रॅक्टरची रांग लागली, रस्ताभर पिवळी धूळ. आणि एका भर दुपारी मोंढ्यातला हमाल धावत दवाखान्यात आला. "चला डॉक्टर, शेटनं बोलावलं. किसनरावला फिट आली."

मी तोंडाला मास्क आणि गळ्यात हिरवा अॅप्रन तसाच घेऊन निघालो. वाटेत एकच विचार. फिटची गोळी घेणाऱ्याला फिट आली तर मी जगाला काय सांगणार? फिट येत नाही म्हणून तर गोळी दिली होती. की फिट येते म्हणून दिली होती? माझं मलाच उलगडेना.

मोंढ्यात घोळका होता. मध्ये किसनराव हळदीच्या एका पोत्यावर बसलेले, शुद्धीत, पण डुलत. समोर दोन खरेदीदार हमरीतुमरीवर.

"माल मला सुटला."

"तुमाला कसा? तीनदा म्हनून त्यानं बोट कुणाकडं केलं? माझ्याकडं का तुमच्याकडं?"

"दोघांच्या मधी केलं!"

झालं होतं ते असं. बीट चांगलं रंगलं होतं. शेवटी एक भाव उरला. किसनरावांनी एकदा, दोनदा, तीनदा केलं आणि माल सुटला म्हणून बोट दाखवलं ते मोकळ्या जागेकडे. तिथं कुणीच नव्हतं. विचारल्यावर म्हणाले, "ते काय, लाल टोपीवाले उभे हायेत की. त्यांचा भाऊ बी हाय संगं." लाल टोपी भांडणाऱ्या दोघांतल्या एकाची, पण त्यांना भाऊ नव्हता. मग किसनराव दोन पावलं चालले ते आडवेच गेले, आणि लोकांनी धरून बसवलं.

"झाली ना फिट?" शेट म्हणाले. आवाजात राग कमी, दुःख जास्त. "मी काय म्हनलो व्हतो?"

मी खाली वाकलो. "किसनराव, माझी बोटं किती?"

"चार."

मी दोन धरली होती. माझ्या बोटाच्या मागे नजर फिरवायला सांगितलं तर डोळे कडेला जाऊन थरथरत होते. हातपाय झटकले नव्हते, जीभ चावली नव्हती, शुद्ध गेली नव्हती. माझ्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं.

"गोळ्या किती घेताय?"

किसनरावांनी शेटकडे पाहिलं, मग जमिनीकडे. उत्तर पुन्हा कांताबाईंनीच दिलं. त्या डबा घेऊन आल्या होत्या. "कळ परत यायला लागली व्हती डॉक्टर. मागल्या आठवड्यापासून. तुमी म्हनलात वॉचमन. ह्ये म्हनले, सीझनला गाड्या वाढल्या, वॉचमन बी वाढवावे लागतेत. मी डॉक्टरला सांगते म्हनलं की मला गप करायचे, अन् मूठभर टाकायचे."

गर्दीतून कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. ही समज त्यांनी माझ्याच बोलण्यातून काढली होती, आणि तीत चूक कुठे होती हे मलाही चटकन सांगता येईना.

तिथेच उभं राहून सुधाकरला फोन केला. फोन स्पीकरवर ठेवला, कारण शेटनी तसा आग्रह धरला. सुधाकर म्हणाला, "डोस जास्त झालाय. फिट नाही. पुढची गोळी थांबव आणि आत्ताच गाडीत घालून इकडे आण, रक्तातली पातळी बघू."

"पण कळ परत का आली? आधी तर बंद झाली होती."

"अरे, हे औषध लिव्हरला चांगलंच कामाला लावतं. काही आठवड्यांत लिव्हर ते लवकर लवकर संपवायला शिकतं. म्हणून तोच डोस कमी पडायला लागतो. आपण वाढवणारच होतो. हळूहळू. मूठभर नाही."

फोन बंद झाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मोंढ्यात भाषण करायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली, तीही अॅप्रनमध्ये.

"शेटजी," मी म्हणालो, "मी तुम्हाला सांगितलं होतं, सावकाश येणाऱ्या गाडीला वॉचमन अडवत नाही. ते एका वॉचमनपुरतं. दहा उभे केले तर तो काही गाड्या ओळखत बसत नाही. डोळ्यांना सरळ धरणाऱ्या नसा, तोल सांभाळणाऱ्या नसा, चांगली कामं करणारी सगळी फाटकं अडखळायला लागतात. म्हणून एकाचे दोन दिसतात. ही फिट नाही. फिट म्हणजे करंट बेफाम सुटणं. इथं करंट नको तिथं दाबला गेलाय. एकदम उलटं."

शेटनी डुलणाऱ्या किसनरावांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मिरगी असती तर त्यानं गोळी कमी खाल्ली असती तवा पडला असता. ह्यो जास्त खाऊन पडला."

मला हे बरोबर की चूक ते पटकन ठरवता आलं नाही. मी म्हणालो, "साधारण तसंच."

"बराबर." शेटनी दोन्ही खरेदीदारांकडे वळून सांगितलं की ते बीट रद्द, पुन्हा पुकारलं जाईल. मग किसनरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "किसन, तुला तकलीफ व्हती तर मला सांगायचं ना येड्या."

"सांगितलं असतं तर तुमी काढलं असतं."

"काढलं असतंच. चार दिवस काढलं असतं, आराम पडल्यावर घेतलं असतं. आता सांग, एकाच मालाला दोन मालक दाखवलेस. कुनाला काढू?"

किसनराव हसले. पुऱ्या तोंडानं. त्या हसण्यातही ते थोडे कलंडले, म्हणून मी आणि हमालानं त्यांना धरून शेटच्या गाडीत घातलं.

नांदेडला दोन दिवसांत डोळे जागेवर आले. सुधाकरनं डोस नव्याने बसवला, थोडा थोडा वाढवत, आणि गोळ्यांची पाकिटं कांताबाईंच्या ताब्यात दिली. त्या आठवड्यात दुसऱ्याच माणसानं बीट पुकारलं. त्याचा आवाज माझ्या दवाखान्यापर्यंत आला नाही, आणि शेटच्या म्हणण्याप्रमाणे समोरच्या रांगेपर्यंतही नीट येत नव्हता. पुढच्या आठवड्यात किसनराव परत उभे राहिले, खाली जमिनीवर. सबंध सीझन त्यांनी काढला. कळ पूर्ण गेली असं नाही. अधूनमधून चमकते, मग ते थांबतात, हात वर करतात, आणि खरेदीदार गुपचूप थांबून राहतात. ऑपरेशनचं हळद संपल्यावर बघू म्हणाले आहेत.

मला वाटलं, प्रकरण संपलं.

परवा रामविलासशेट आले. या वेळी आपणहून खुर्चीत बसले. गाल सुजलेला. आत पाहिलं तर खालची शेवटची दाढ पार पोखरलेली, मुळाशी पू. एक्स-रेची गरज नव्हती. वासच पुरेसा होता.

"शेटजी, ही काढावी लागेल."

"काढायची न्हाई."

"अहो, सडलीय."

"किसनची बी तुमी काढली न्हाई. मला सगळं ठाऊक हाय आता. दात दुखत नसतो, नस दुखती. ती फिटची गोळी लिहून द्या."

मी त्यांना सोडियम, करंट, फाटक, सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि त्यांच्या दाढेत यातलं काहीच बिघडलेलं नाही, फक्त दाढ बिघडली आहे, हेही सांगितलं. ते मान डोलवत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मग अर्धीच गोळी द्या."

दाढ मी काढली; अर्धा तास बोलण्यात गेला, काढायला पाच मिनिटं. जाताना त्यांनी सांगितलं की आणखी दोघे जण येणार आहेत, त्यांनाही नसेचंच आहे.

तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली आहे. गोळी किती द्यायची हे पुस्तकात बघता येतं. गोळीबद्दल किती सांगायचं याचा डोस कुठल्याच पुस्तकात दिलेला नाही, म्हणून मी तो कमीपासून सुरू करतो.